त्यांचो गाव

२ नोव्हेंबर

दादा,

तुझा मेसेज अक्षयाने वाचून दाखवला. विहिरीवर, सगळ्या बायकांसमोर. "गौरजा, चंदनाक भुतांची माहिती व्हयी हा गो," असं लांबूनच सांगत आली. तुझो भाव भुतांचो इंजिनियर झालो असंही म्हणाली. बायका हसल्या. मी कळशी भरली आणि घरी आले. म्हणून कागदावर लिहिते. फोन तिचा, सगळं तिच्या बोटाखालून जाणार, ते नको वाटतं. बाबांचा फोन बटणांचा आहे तो तुला माहीतच आहे. पोस्टाला पुण्यापर्यंत वेळ लागेल, तुझ्या साहेबांना तसं सांगून ठेव. आणि बोलते मी मालवणी, पण पेन धरलं की शाळेतलंच येतं. हसू नको.

तू पाठवलेलं तुझ्या गेमचं चित्र बघितलं. आठ वर्तुळं, एकाला लागून एक. आगीचं जग, बर्फाचं, मेलेल्यांचं, मधे माणसांचं. एक हिरवं रिकामं ठेवलंस आणि लिहिलंस की हे रानातल्या लोकांचं, इथे आई सांगायची ते सगळं हवं. त्याला तुमच्या साहेबांनी दिलेलं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही. आई म्हणते तेच मी लिहिते. त्यांचो गाव.

पहिलं म्हणजे तू त्याला वेगळं वर्तुळ दिलंस ते चुकलं. तो गाव वेगळीकडे नाही. तो इथेच आहे, आपल्याच गावाखाली, अंगणात चटई टाकली की खाली गवत दबून राहतं तसा. चटई उचलली की गवत लगेच उठत नाही, हळूहळू उठतं. म्हणून तीन रात्री लागतात. तुझ्या साहेबांना गावपळण समजावून सांगावी लागेल, तर असं सांग: दर तीन वर्षांनी आमचा देव कौल देतो आणि सगळा गाव माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे घेऊन वेशीबाहेर जातो. तीन रात्री बाहेर झोपडीत काढतो. तेवढ्यात तो दुसरा गाव उठून उभा राहतो, श्वास घेतो. चौथ्या दिवशी देवाने परत कौल दिला की आम्ही आत येतो आणि तो पुन्हा आमच्याखाली दबतो. तसं केलं नाही तर तो गुदमरून मरेल, आणि तो मेला की आपल्या विहिरी आटतील, काजूला मोहर धरणार नाही. आपली मुळं त्यांच्यात आहेत.

ती भुतं नाहीत. हे मी आईला परत विचारून घेतलं. आई म्हणाली, "भुतां म्हणजे आमचीच मेल्ली माणसां. ती आमची कधीच नव्हती." त्यांना मरण माहीत नाही. चांगली पण नाहीत, वाईट पण नाहीत. लहान पोर कोंबडीचं पिल्लू हातात घेतं, तशी ती माणसाला घेतात. चेहरा बघितला की वाटतं ह्याला कुठेतरी पाहिलंय, पण कुणाचा ते आठवत नाही. तिथे आंब्याला मोहर आणि पिकला आंबा एकाच फांदीवर असतो. इथली तीन वर्षं म्हणजे तिथली एक रात्र.

त्यांना चूल पेटवता येत नाही. विस्तव त्यांच्याकडे नाहीच. मीठ पण नाही. म्हणून ती आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसतात आणि गार राखेत हात घालून बघतात. ऊब कुठे गेली ते शोधतात.

आणि एखादं माणूस आत राहिलं आणि त्यांना आवडलं, तर ती ठेवून घेतात. पण फुकट घेत नाहीत. बदल्यात त्यांच्यातला एक बाहेर पाठवतात, तसाच दिसणारा, तसाच बोलणारा. त्याला स्वतःलाही माहीत नसतं. त्याला वाटतं आपण तोच. हे तुझ्या गेमला उपयोगी पडेल असं वाटलं म्हणून लिहिलं.

कौल झाला. यंदाची गावपळण ह्या महिन्याच्या शेवटी आहे. आई बरी आहे.

गौरजा


११ नोव्हेंबर

दादा,

"भारी आहे, अजून पाठव" असं लिहिलंस. अक्षयाने तुझा दुसरा प्रश्न पण वाचला, की आत अडकलेल्या माणसाला सोडवायचं तर काय करावं लागतं, खेळणाऱ्याला काहीतरी नियम हवा.

नियम आहे. आईला पाठ आहे. कारण ती गेली तीन वर्षं त्याच्याशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करत नाही.

आई बरी आहे असं मी लिहिलं होतं. ती बरी नाही. तिचं हृदय मोठं झालंय असं डॉक्टर म्हणाले. मला आधी वाटलं हे चांगलं असेल. पाय सुजतात. चुलीपासून मागच्या पाटल्यादारी न्हाणीपर्यंत जाते आणि मधे खांबाला धरून उभी राहते. सपाट झोपली की श्वास लागतो म्हणून उशांना टेकून बसूनच झोपते.

तू मागच्या गावपळणीत मागे राहिलास, मोबाईल घेऊन घराघरांत फिरलास, आपल्या चुलीसमोर बसून "भुतांनो, चाय घेतल्यात?" असं म्हणालास आणि तो व्हिडिओ सगळीकडे गेला. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. त्या वर्षी देवाने दोन दिवस कौल दिला नाही, पाऊस आला, उघड्यावर पोरं भिजली, गावाने बाबांकडून देवाची तरंगकाठी धरायचा मान काढून घेतला. बाबा तुला जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. पण तू बाबांमुळे गेला नाहीस हे मला माहीत आहे. आईने तुला पाय धुवायला तांब्या आणून दिला, पाट मांडला, आणि "घेवा, संकोच करू नका" असं म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं. तू हसलास. मग तू तिच्याकडे बघितलंस आणि जेवला नाहीस.

तू गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "ह्यो माझो न्हय. माझो झील थंयच रवलो."

मी समजावलं, तोच तुझा मुलगा. माझं समजावणं म्हणजे काय, तुला माहीतच आहे. दोन शब्द बोलले आणि ताटं घासायला गेले. ती म्हणाली, माझा चंदन कॉलेजात जायच्या आधी घरात शिरताना "गो आई" अशी हाक मारायचा. हा शिरतो आणि खिशातून मोबाईल काढतो. माझा पेज मागायचा, हा चहा बिनसाखरेचा पितो. मी म्हटलं, आई, रत्नागिरीला राहून माणूस बदलतं. ती म्हणाली, बदलतं नाही, बदलून देतात.

आता नियम लिहिते. आत जाणारं माणूस आईच असलं पाहिजे, नाहीतर जिने त्याला भरवलंय अशी कोणीतरी. तिने त्याला नावाने हाक मारायची नाही. तिने चूल पेटवायची आणि बसायचं. विस्तव बघून सगळी येतील, वेगवेगळी रूपं घेऊन. त्याने आपणहून ओळखून हाक मारली पाहिजे. मग त्याचा हात धरायचा आणि चौथ्या दिवशी उजाडल्यावर गाव परत येईल तेव्हा बाहेर यायचं.

ती जाणार आहे, दादा. कुणाला माहीत नाही. मला सांगितलं कारण मला सांगितलेलं कुठे जात नाही. "मी थंय जातलंय. त्याका घेवन येतलंय. कोणाक सांगू नको गो." तुझ्यासाठी शर्ट घेऊन ठेवलाय फेरीवाल्याकडून, जुन्या मापाचा. तिथे एकच रात्र झाली ना, म्हणून तू तेवढाच असशील.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते. तू ये. त्या दिवसांत गावात कुणीच नसेल, तुला अडवायला कुणी नाही. रात्रीच्या गाडीने ये, आधीच्या गावात उतर आणि काजूच्या बागांतून खाली ये. ती चुलीपाशी बसलेली असेल. तू दारातून "गो आई" म्हण. तेवढंच. बाकी सगळं ती स्वतः करील. तू तू आहेस हे बाहेर राहून तू तिला कधीच पटवू शकणार नाहीस. आतून पटवता येईल.

गौरजा


१९ नोव्हेंबर

दादा,

तुझा लांब मेसेज आला. अक्षया अर्धा वाचून थांबली आणि फोन माझ्या हातात दिला, तू वाच म्हणाली. पहिल्यांदाच ती हसली नाही.

आईला मनाच्या डॉक्टरकडे न्या असं लिहिलंस. नेलं होतं. सगळ्यांना सांगून नाही, तोंडवलीला मामाकडे जातो म्हणून नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की ती झोपायची आणि उठली की विचारायची, किती वेळ गेला, तो येऊन तर नाही गेला? मग तिने त्या बंद केल्या.

अंधश्रद्धेला खतपाणी घालणार नाही असं लिहिलंस. बरोबर असेल. मला ह्या गोष्टी नीट कळत नाहीत. पण तुझ्या गेममध्ये तो गाव असणार, त्यात लोक जाणार, खेळणार, आईने सांगितलेल्या नियमाने माणसं सोडवून आणणार, आणि ते चालतं. मग आईला एकदा सोडवू दे ना.

तू विचारलंस मी नववीनंतर शाळा का सोडली, हुशार होतीस. मी हुशार नव्हते. बाईंनी उभं केलं की माझा आवाज घशातून वर येत नसे आणि सगळा वर्ग वाट बघायचा. मला शाळा नको होती. असं मी सगळ्यांना सांगितलंय आणि ते खोटं पण नाही. पण आई दुपारची वेशीवर जाऊन बसायची. व्हाळाच्या पाण्याच्या कडेला, उन्हात, गावाकडे तोंड करून. बाबा शेतात. कुणीतरी तिला घरी आणायला हवं होतं. तर ते एक होतं.

काल बाबा भाताच्या पेंढ्या रचत होते. मी खालून देत होते, ते वर. मी विचारलं, दादाक बोलवूया? त्यांनी ऐकलं नाही असं केलं. सगळं रचून झाल्यावर खाली उतरले, अंगावरचं कुसळ झाडलं आणि म्हणाले, "तेका येवचा आसता तर तो बोलवची वाट बघलो नसतो." मग म्हणाले, "हयसर इलो तर गावाक काय सांगू, ता माका कळणा नाय. पण इलो तर सांगान काय तरी." बाबांनी एवढं एका दमात बोललेलं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. तुला कळावं म्हणून लिहिते.

गेम बाहेर काढायची तारीख जवळ आहे, सुट्टी मिळणं कठीण, हे वाचलं. शेवटी "बघतो" असं लिहिलंस. मी तो शब्द अक्षयाच्या फोनवर पुन्हा पुन्हा वाचला. नाही म्हणायचं असतं तर तू नाही म्हणाला असतास. तू तसाच आहेस.

गौरजा


२८ नोव्हेंबर, व्हाळाच्या अल्याड

दादा,

हे पत्र पोस्टात टाकता येणार नाही. पोस्टमन पण आमच्याबरोबर झोपडीत आहे. हे तुला हातातच देईन.

सकाळी देवळातला नगारा वाजला आणि सगळे निघाले. कोंबड्या टोपलीत, आमची कपिला पुढे, तिचं वासरू तिच्या पोटाखाली. गंगाराम आजोने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तीन राती गाव तुझ्या स्वाधीन आसा," आणि आम्ही "होय म्हाराजा" म्हटलं. आजो ह्या वर्षी बाबांकडे बघून म्हणाला, "आपापली माणसां मोजून घेवा." लोक हसले. बाबा खाली बघत राहिले.

आईला टेम्पोत बसवून आणलं. बाबा झोपडीला माडाची झापं बांधायला लागले, बायका तीन दगडांच्या चुली मांडत होत्या, पोरं गाणी लावून नाचत होती. दुपार होती. कुणाचं लक्ष नाही. आई म्हणाली, चल. मी तिला व्हाळापर्यंत धरून नेलं. पाणी घोट्याएवढंच आहे. पलीकडे चढ आहे, मी म्हटलं मी वरपर्यंत येते. ती नको म्हणाली. तुला पण ठेवून घेतील. थांबत थांबत चढली. वर गेल्यावर एकदा मागे बघितलं आणि हाताने मला जा असं केलं, जसं तू शाळेत निघालास की पायरीवरून करायची.

बाबा विचारतील म्हणून मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, आई गंगाराम आजोच्या सुनेकडे झोपणार आहे. मला ते उत्तर नीट बोलता यावं म्हणून मनात घोकलं होतं. संध्याकाळी बाबा स्वतःच म्हणाले, "आवस बायकांत आसा मां?" मी मान हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावंच लागलं नाही.

इथे रेंज नाही. तू कुठवर आलास मला कळणार नाही. चिंचेखाली उभं राहिलं की आपल्या घराची कौलं दिसतात. आत्ता काहीच दिसत नाही, नुसती शांतता आहे. मी कधी एवढा शांत गाव बघितला नाही. कुत्रं नाही, कोंबडा नाही, पंप नाही. बघताना मला वाटलं खरंच गवत उठतंय.

तू काजूच्या बागेत असशील. सापांना जप.

गौरजा


२ डिसेंबर

दादा,

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या कौलांतून धूर आला.

सगळ्यांनी बघितला. पोरं ओरडली, त्यांनी चूल पेटवल्यानी. म्हातारे हात जोडून उभे राहिले. मला एकटीला माहीत होतं की त्यांना चूल पेटवता येत नाही. धूर म्हणजे माणूस. दादा, मला एवढा आनंद झाला की मी बसूनच घेतलं. आई रात्र काढून उठलीय आणि कुणासाठी तरी पेज ठेवतेय असं मला वाटलं.

बाबांनी धुराकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते तसेच व्हाळाकडे निघाले. गंगाराम आजो आणि मानकरी आडवे आले. बाबा म्हणाले, माझी घरकारीण भितर आसा. आजो बाबांना लहानपणापासून ओळखणारा, आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "दत्ताराम, तू भितर गेलंस तर देव कौल देवचो नाय. तुझ्या झिलान केल्यान ता पुरां नाय झाला? ही बारकी पोरां बघ. आणि किती राती भायर ठेवू?"

बाबा व्हाळात जाऊन उभे राहिले. वेस पाण्याच्या मधोमध आहे. तिथपर्यंत गेले आणि तिथेच एका दगडावर बसले, पाय पाण्यात. आत नाही, बाहेर नाही. दिवसभर तसेच होते. मी भाकरी नेली ती त्यांनी हातात धरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. खालच्या बाजूने, जिथे करवंदीच्या जाळ्या आहेत तिथून. मी नसले तर कुणाला कळत नाही, ते पहिल्यांदा कामाला आलं.

तुझ्या हिरव्या वर्तुळात काय घालायचं ते मी आता डोळ्यांनी बघून सांगू शकते. काही नाही. वाटेवर आपलीच पावलं, सुकलेली. दारं ओढून घेतलेली. अक्षयाच्या अंगणात वाळत घातलेला एक टॉवेल राहिलेला. वारा पण नव्हता. मला भीती वाटावी असं वाटत होतं, म्हणजे काहीतरी आहे असं तरी झालं असतं. पण नुसता आपला गाव होता, आपल्याशिवाय. तू व्हिडिओत म्हणाला होतास तसाच. त्यात काही चूक नव्हतं तुझं.

घराजवळ आले तर आईचा आवाज. हसत होती. मधेमधे थांबत होती, समोरचा बोलत असल्यासारखी. मी दारात उभी राहिले. चुलीवर पेज, बाजूला दोन ताटं, एकात जेवून झालेलं आणि एक भरलेलं. आईच्या तोंडावर एवढी तकाकी होती. मला बघून तिने ओठावर बोट ठेवलं.

"हळू गो. तो न्हाता हा."

दादा, मी पाटल्यादारी पळाले. एवढी जोरात की केळीच्या बुंध्यावर आपटले.

न्हाणीत कोण नव्हतं. दगड सुका होता. बादलीत पाणी पण नव्हतं.

 परत आत आले तर आई म्हणाली, आता तू जा, एक द्यायचं नि एक न्यायचं असं असतं, तू दिसलीस तर गोंधळ होईल. फाल्या सकाळी, चौथ्या दिवसाक, आमी दोघांय येतलंव. मी तिच्या पायांकडे बघितलं, सूज गुडघ्यापर्यंत चढली होती. मी आले त्याच वाटेने परत गेले. 

चौथ्या दिवशी देवाने पहिल्या मागणीला कौल दिला. मूर्तीला चिकटवलेली उजव्या बाजूची कळी पडली, बाया रडल्या. सगळे आत निघाले तेव्हा आई चढावर उभी होती. डावा हात अंगापासून जरा लांब धरलेला, मूठ अर्धी मिटलेली. कुणाचा तरी हात धरतात तशी. आमच्याकडे बघून म्हणाली, "इलो हो माझो." गंगाराम आजोने टोपी काढली. 

संध्याकाळी रेंज आल्यावर अक्षयाने फोन आणून दिला. तुझा मेसेज पहिल्याच रात्रीचा होता. नाही जमत गं, खूप काम आहे, सॉरी.

गौरजा


१४ डिसेंबर

दादा,

शनिवारी येतो, तिकीट काढलं, असा मेसेज काल आला. हे पत्र तोवर पोचणार नाही म्हणून अक्षयाच्या फोनवरून एकच ओळ पाठवते आहे, येऊ नको. ती ओळ तिनेच टाईप केली, मला जमेना. का ते इथे लिहिते.

आई जेवते. तीन वर्षांत पोटभर जेवली नव्हती एवढं जेवते. आपल्या हाताने दोन ताटं वाढते. तुझ्या ताटातलं संध्याकाळी कपिलाला घालते मी, आईचं लक्ष नसताना, आणि ती ताट बघून म्हणते, भूक लागली होती हो त्याला. अंगणात बसून दुपारभर बोलत असते. तिथे आंबा कसा होता, त्याला कुणी काय विचारलं, सगळं आम्हाला सांगते. शर्ट त्याला बरोबर बसला असं म्हणाली.

बाबा पहिल्या दिवशी ताटावरून उठून गेले. दुसऱ्या दिवशी पडवीत बाकड्यावर बसले होते आणि आई आतून म्हणाली, तेका बसाक जागो देवा. बाबा बराच वेळ तसेच बसले. मग सरकले. परवा मी ऐकलं, ते बैलांच्या दाव्यांना पीळ घालत होते आणि बाजूच्या रिकाम्या जागेला म्हणाले, "धर रे हो टोक." कुणी धरलं नाही. त्यांनी पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि पीळ घालत राहिले.

मी पण बोलते त्याच्याशी. आई खूश होते म्हणून सुरुवात केली. त्याच्याशी बोलताना माझा आवाज अडकत नाही. हे तुला सांगू नये असं वाटलं होतं, पण आता काय.

डॉक्टर येऊन गेले. बाहेर नेऊन बाबांना म्हणाले की फार दिवस नाहीत, हवं ते खायला द्या, मन आनंदात आहे ते राहू दे.

तुझा मेसेज आला तेव्हा मी आईला नुसतं विचारलं, पुण्याहून कोण आलं तर? तिचा चेहरा बघायला हवा होतास. उठली, भिंत धरत धरत जाऊन पुढच्या दाराला कडी घातली. मग पाटल्यादाराला घातली. म्हणाली, तो इथे पाऊल टाकील तर माझ्या चंदनाला परत जावं लागेल. दोघे एका छपराखाली राहू शकत नाहीत, तसा नियमच आहे. तेव्हापासून दिवसा पण कडी असते. कुणी हाक मारली की ती आधी विचारते, कोण? आणि आवाज ऐकून घेते.

म्हणून येऊ नको. आता नको, आणि ती गेल्यावर बाबा तुला कळवतील तेव्हा पण लगेच नको. बाबांचं मला माहीत नाही. ते अजून रात्री कडी लावायला विसरतात, मुद्दाम विसरतात असं मला वाटतं. पण सकाळी त्या बाकड्यावर सरकूनही बसतात.

मी तिला म्हटलं, आई, त्याचा काय दोष? तो जो बाहेर गेला, त्याला कुठे माहीत आहे? तीन वर्षं तो आपल्यालाच आपलं समजतोय.

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग माझा हात हातात घेतला. तुला पत्र लिहिते हे तिला माहीत आहे, मी लपवते असं मला वाटत होतं तेवढंच. म्हणाली,

"वायट नव्हतो गो तो. पाटार बसलो, हसलो, आणि मी तेका पेजय दिलंय नाय. त्याचीय आवस थंय वाट बघीत आसतली. तेका लिवन सांग, माझो माका गावलो. आता तूय तुझ्या घराक जा."

तिने सांगितलं तसं लिहिलं.

गौरजा